किंकाळीची जागा

मी एक पडदा. सिनेमाचा. पोलिस ॲक्शनला काही वर्षं उलटल्यावर औरंगाबादेतल्या एका थेटरात मला चढवलं. लोक जन्मभर माझ्याकडं बघत राहिले, पण मी स्वतः एकही सिनेमा पाहिला नाही. तो माझ्या अंगावर पडायचा. मी पाहिली ती समोरची माणसं. त्यातही भुताच्या सिनेमाला आलेली जास्त लक्षात राहिली, कारण भ्यालेला माणूस आपला चेहरा सांभाळायचं विसरतो.

सुरुवातीची भुतं मोठी सभ्य. पांढरी साडी नेसून, हातात मेणबत्ती धरून, धुक्यातून गात यायची. शेवटी कळायचं, भूतबीत काही नव्हतं, इस्टेटीसाठी कुण्या काकानं केलेला तो डाव होता. लोक सुस्कारा टाकून घरी जायचे.

जाहेदा पहिल्यांदा आली ती नवी नवरी म्हणून. तिचा नवरा शफी हिमरू कापड विणायच्या मागावर बसायचा. तो खाली पुरुषांत बसे, ती वर बायकांत. बायकांच्या दारावर भागूबाई तिकिटं फाडायची आणि कुणाचं लेकरू रडायला लागलं की त्याला कडेवर घेऊन बाहेर फिरवायची. पुढं जाहेदाला चांदपाशा झाला, तोही असा भागूबाईच्या कडेवर कितीदा झोपला.

तो चालायला लागला आणि तापानं गेला.

घरात सासूनं जाहेदाला रडू दिलं नाही. "रडू नको, लेकराच्या रूहला तकलीफ होते," म्हणायची. जाहेदा गप झाली. इतकी गप, की शफीच घाबरला. मन रमेल म्हणून तो तिला सिनेमाला घेऊन आला. कोणता लागलाय हेही त्यानं पाहिलं नव्हतं.

तोवर भुतं पार बदलली होती. गाणारी बाई गेली, सडक्या तोंडाचा सैतान आला. दार उघडलं, तो समोर आला आणि सगळं थेटर किंचाळलं. जाहेदाही किंचाळली. बाकीचे थांबले, एकमेकांना ढोसून हसायला लागले. तिची किंकाळी मात्र चालूच राहिली.

भागूबाई बॅटरी घेऊन धावत आली. "काय झालं गं?"

"काय नाय. भ्याले."

भागूबाईनं तिचं तोंड पाहिलं. बॅटरी विझवली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. हळूच म्हणाली, "रड. हितं कोण इचारतंय?"

त्यानंतर भुताचा एक सिनेमा जाहेदानं चुकवला नाही. सिनेमे आणखी बिघडत गेले. रक्ताच्या चिळकांड्या, केसाळ राक्षस, न्हाणाऱ्या बाया. घरंदाज बायका यायच्या बंद झाल्या. शफी एकदा चिडला, "असल्या सिनेमाला इज्जतदार बाई जाते काय?"

"मी सिनेमा बघायला नाय जात," जाहेदा म्हणाली.

भागूबाईला हे जाहेदानंच सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पुढं शफीच तिला दारापर्यंत सोडायचा आणि सिनेमा सुटेपर्यंत समोरच्या हॉटेलात चहा घेत बसायचा. आत काय चालतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. शेवटी शफीही गेला. मग ती एकटीच यायची.

टीव्ही आला, केबल आली, भूत घरोघर गेलं. माझ्यासमोरच्या खुर्च्या ओस पडल्या. भुतानं पुन्हा रूप बदललं. आता त्याला चेहराच नसे. मोकळा फ्लॅट, आपोआप हलणारी खुर्ची, कुणाचा तरी श्वास, बस्स. लोक जीव मुठीत धरून बसायचे, पण किंचाळायचं कुणी नाही. जाहेदा वाट बघत राहायची. साऱ्यांचा आवाज उठल्याशिवाय तिला आपला आवाज मिसळता यायचा नाही.

एका दुपारी तसल्याच शांततेत तिची किंकाळी सुटली. पुढची कॉलेजची पोरं वळून हसली. एकानं तिच्या तोंडावर मोबाईलचा उजेड धरून शूटिंग सुरू केलं. भागूबाईची नोकरी कधीच सुटली होती, तरी भुताचा सिनेमा लागला की ती जाहेदाजवळ येऊन बसायचीच. ती उठली.

"खाली कर ते. लेकरू गेलंय तिचं."

"कधी?"

"तुझा बाप चड्डीत होता तवा."

पोरानं मोबाईल खाली घेतला. "सॉरी, मावशी," पुटपुटला.

जाहेदा उठली. "चल, भागूबाई. हितं बी आता सगळे गप बसत्यात. घरासारखंच झालं."

ती पुन्हा आली नाही.

पुढं थेटरच बंद पडलं. मला उतरवायच्या दिवशी काठी टेकत भागूबाई आली. दोऱ्या सोडणारे थांबले. "काय पाहिजे, आजी?"

"काय नाय. जाहेदा गेली, तेवढं सांगायला आले. मयतीला जाऊन आले. सगळी डोळे पुसत गप बसली होती, आपण कसा आवाज करावा?"

एवढं बोलून त्या मोकळ्या थेटरात तिनं गळा काढला. कामगार हातात दोऱ्या धरून तसेच उभे राहिले. कुणीही तिला गप बस म्हणालं नाही.

आता मी चिकलठाण्यातल्या एका गोदामात घडी होऊन पडलोय. उंदीर कडा कुरतडतात. इथला राखणदार रामकिसन दुपारी कानात इअरफोनची बोंडं घालून तळहाताएवढ्या मोबाईलवर भुताचे सिनेमे बघतो. परवा तो एवढा दचकला, की त्यानं झटकन शेजारी पाहिलं. शेजारी सिमेंटच्या गोण्या होत्या. त्यानं मोबाईल पालथा ठेवला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला.

माझं आता कुणाला काम नाही, त्याची तक्रारही नाही. पण बाबांनो, भूत बघायचं तर शेजारी कुणाला तरी घेऊन बसा. आणि शेजारचं माणूस जरा जास्तच किंचाळलं, तर त्याच्यावर उजेड धरू नका.