गारगोटी नंबर सत्तेचाळीस

हिंगणीत त्या दुपारी अशी गर्दी लोटली, की पारावरच्या मारुतीलाही मान वळवायला जागा उरली नाही. धीरज पाटलाच्या कापसाच्या खोलीत दारं-खिडक्या लावून स्फटिकबाबा बसले होते. शेंदूर फासलेले दोन दगड घासले, की दगडाच्या पोटात पिवळा उजेड उमटे.

"ये कैलास का पत्थर है. तुमचं दुखणं आत जळून राह्यलं. दवा खाल तर पत्थर रुसते."

निवृत्त भूगोल मास्तर महादेवराव मागे उभे होते. एरवी ते फिरकलेही नसते. पण त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, बाबांचं ऐकून आठ दिवसांपासून बीपीची गोळी सोडली होती, अन् सकाळी ओट्यापाशी भोवळ येऊन त्या पडता पडता वाचल्या होत्या.

मास्तरांना दगडांचा नाद. कुठे विहीर खणली, की यांची सायकल तिथे. पांढरी गारगोटी, जांभळा स्फटिक, धुरकट स्फटिक, पट्ट्यांचा अकीक. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर. दिवाळीच्या साफसफाईत बाईंनी त्यातलं टोपलंभर उकिरड्यावर ओतलं. मास्तर तीन दिवस जेवले नाहीत म्हणतात. मी विचारलं, दोनच.

मास्तरांनी पिशवीतून नाल्यातल्या गारगोट्या काढल्या अन् अंधारात दोन-दोन वाटल्या. "घासा."

खोलीभर काजवे फुटले.

"मास्तर, माह्यात एवढं पुण्य कुठून आलं?" गर्दीतला डोमाजी म्हणाला. "मी त आज तोंडबी नाई धुतलं."

"पुण्य नाई, डोमाजी. कोणतीबी गारगोटी घासा, तिचे बारीक कण तुटतात अन् तिथं विजेची ठिणगी पडते. दुखणं-बिखणं काई जळत नाई."

"श्रद्धा नाही, म्हणून..." बाबा सुरू झाले, तोवर डोमाजीनं दार उघडलं. घासून घासून बाबांच्या दगडाचा शेंदूर झडला होता. खाली पांढरा ठिपका. त्यावर ४७.

सुलोचनाबाईंनी दगड उचलून न्याहाळला.

"अवो, हा त मीच उकिरड्यावर फेकलेला."

"मग कैलास आपल्याच उकिरड्यावर होता म्हणायचा," मास्तर म्हणाले.

कैलासचे बाबा सेलूच्या एसटीनं गेले. तिकीट मात्र कैलासचं नाही, सेलूचंच काढलं.

"गोळी अंधारात चमकत नाई, सुलोचना, पण डाक्टरनं तपासून दिलेली हाय. चमकते त्याले आधी दार उघडून पाहावं."

"कळलं. मास्तरकी पुरे," बाई म्हणाल्या. "सत्तेचाळीस जागेवर ठेवा, अन् मले गोळी-पाणी द्या."