चिंचेनं घासलेलं पदक

बनुबाईनं चिंचेचा गोळा पदकावर दाबला, तसे अनंतराव ओसरीवरून उठलेच.

“अहो, घासू नका ते. झिजतं.”

“काळं पडलंय की,” ती म्हणाली आणि राख घेऊन आणखी जोरानं घासू लागली.

अनंतरावांनी कपाळावर हात मारला. सांगलीच्या वकिलीत पक्षकारांनी आणला नसेल इतका वीट या बाईनं एका सकाळीत आणला होता. जर्मन फौजेची दीर्घसेवेची पदकं जमवायचा त्यांना नाद. चार वर्षांचं, अठराचं, पंचविसाचं मिळालं होतं. अडलं होतं बारा वर्षांचं. लढाई संपल्यावर इटलीहून परतलेल्या नाथाजी हवालदाराकडे ते आहे असं कळलं. “या, बघा,” असं नाथाजीच म्हणाला, म्हणून सातारा रोडला उतरून, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत ते या गावी आले. आणि पदक कुठे, तर त्याच्या बायकोच्या, या बनुबाईच्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकवानं माखलेलं. मागचा बाराचा आकडा तर बोटानं चाचपावा लागत होता. नाथाजी मात्र खाली मान घालून सुतळी वळत बसला होता.

“बाई, हा विष्णूचा गरुड नव्हे, आणि हे आपलं स्वस्तिकही नव्हे,” अनंतरावांनी पुन्हा सांगून पाहिलं. “जर्मन सरकारचा छाप आहे. बारा वर्षं नोकरी केली म्हणून शिपायाला दिलेला. यात देव नाही.”

“ठावं हाय.”

“मग पूजा कशाची करता? हे मला द्या, मी सोनाराकडून चांदीचा टाक करून देतो. कुठला देव हवा तो सांगा.”

“टाकच हाय ह्यो.” बनुबाईनं पदक पदराला पुसलं. “त्या जर्मनाचा. ह्यांच्या हातनं ग्येला त्यो. येवढी चाकरी करून परमुलखात अवचित मेला, त्याचं कोन करनार? घरात बसवला, तवापास्नं ह्यास्नी झोप लागती.”

नाथाजीच्या हातातली सुतळी थांबली.

अवचित मेलेल्याचा टाक करून देवात बसवतात, हे अनंतरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या बुडून गेलेल्या काकांचाही होता. पण जर्मनाचा? हसावं की चिडावं, त्यांना कळेना. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पिशवीतली मखमली पेटी काढून उघडली.

“हे बघा, बाकीची माझ्याकडे किती नीट आहेत. कोणाचा हात लागू देत नाही मी. हेही असंच राहील.”

बनुबाई वाकून पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला.

“आनि ह्यास्नी निवद कोन दावतं?”

ही मेलेल्यांचीच असतील असं नाही, बाजारात विकतसुद्धा मिळतात, असं काहीतरी अनंतरावांना म्हणायचं होतं. पण कोणाची आहेत, हे घेताना त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

बनुबाईनं करंडा पुढे ओढला, कुंकवात बोट बुडवलं आणि पेटीशी थबकून त्यांच्याकडे पाहिलं.

“लावू का?”

मखमल खराब होईल, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“थांबा,” ते म्हणाले, आणि एकेक पदक मखमलीतून काढून त्यांनी तिच्यासमोर पाटावर मांडलं.