फटकळ क्लब

मी फटकळ आहे हे सासरी पहिल्याच आठवड्यात जाहीर झालं. सासूबाईंच्या शेव-टमाटरच्या भाजीला मी "जरा गोड झालीय" म्हणाले, तेवढं पुरलं. आमच्या सुदामा नगर कॉलनीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! "समीरची बायको पुण्याची आहे ना, मग असंच असणार," म्हणून लोकांनी मला सोडून दिलं. मी इंजिनिअर आहे हे मात्र बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही.

पीथमपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी गोल्फच्या क्लबचं, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्याचं, तोंड डिझाइन करते. तोंड म्हणजे चेंडूवर आदळतो तो पुढचा भाग. तो पूर्वी धातूचा असायचा. आम्ही कार्बनच्या कापडाचे कागदासारखे पातळ थर एकावर एक लावतो, एक उभा, एक आडवा, एक तिरपा, त्यात चिकट राळ, आणि सगळं दाबून भट्टीत भाजतो. सासूबाईंना हे समजावलं तर म्हणाल्या, "म्हणजे चिरोटेच की गं! त्यासाठी रोज इतक्या लांब जातेस?"

यंदाच्या आमच्या डिझाइनचा ऑफिसात भलताच गवगवा होता. थरांच्या मधे आम्ही रबरासारखी मऊ फिल्म घातली होती. चेंडू मधोमध लागो की कडेला, आवाज तोच, हाताला झिणझिण्या नाहीत आणि फटका बऱ्यापैकी सरळ. गोल्फवाले याला 'फरगिव्हिंग' म्हणतात. आमचे साहेब हृषीकेशजी तर म्हणायचे, "हा क्लब म्हणजे आई आहे, आई. काही पण करा, सब माफ!"

पहिला नमुना मी बाबांसाठी घरी आणला. बाबा म्हणजे माझे सासरे, जयसिंगराव. महूच्या शाळेत गणित शिकवता शिकवता फौजी पालकांच्या नादाने त्यांना गोल्फचं वेड लागलं, ते आजतागायत. दर रविवारी सकाळी त्यांना महूच्या मैदानावर न्यायचं, हा आमचा नेम. पण आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. पायाशी ठेवलेला चेंडू मान तिरकी केली की दिसतो, उडालेला दिसत नाही. त्यात त्यांचा जुना धातूचा क्लब चिरला, म्हणून मी हा आणला.

त्या रविवारी बाबांनी झोकात फटका मारला. थप! चेंडू उजवीकडे झुडपांत.

"वा, मस्त!" घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासचं झाकण उघडता उघडता सासूबाई म्हणाल्या.

"सुपर शॉट, बाबा," समीर म्हणाला.

पुन्हा थप. हा चेंडू जेमतेम पंपाच्या खोलीपर्यंत घरंगळला. "क्या बात है!" समीर ओरडला.

बाबा माझ्याकडे वळले. "कस्तुरी बेटा, तू सांग. कुठे गेला?"

आणि मी, पुण्याची, फटकळ, काय म्हणाले असेन? "छान गेला, बाबा. एकदम सरळ." माझ्या हातचा क्लब होता ना! शिवाय बाबा इतक्या आशेने माझ्याकडे बघत होते.

बाबांनी क्लब पुसला आणि पिशवीत घातला. "चला, वाटेत राऊला पोहे खाऊन घेऊ. ही पिशवी आता कोणाला पाहिजे असेल तर देऊन टाका."

 गाडीत बसल्यावर बाबाच बोलले. "तुम्ही सगळे खोटं बोलता, ते ठीक आहे, भिया. प्रेमाने बोलता. मी चालवून घेत होतो, कारण जुना क्लब खरं सांगायचा. मधोमध लागला की टण्ण, चुकला की मनगटापर्यंत झिणझिण्या. हा नवा पण म्हणतो छान, छान. और बेटा, तू भी? मग मी खेळतोय की नुसते हात हलवतोय, मला कळणार कसं?"

मला रडूच आलं.  ज्या जिभेपायी माझी सगळ्या कॉलनीत बदनामी, तीच त्यांना हवी होती, आणि नेमकी त्या दिवशी मी तिला साखर लावली.

सोमवारी हृषीकेशजींना म्हटलं, "मला काहीही माफ न करणारा क्लब करायचाय."

"पागल झालीस का? घेणार कोण?"

"एकच माणूस आहे. उरलेल्या तुकड्यांतून करते, सुट्टी झाल्यावर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "घरचा मामला दिसतोय. कर बाई."

मऊ फिल्म आधी काढून फेकली. मधोमध थर कमी ठेवले, म्हणजे तिथे स्वच्छ टण्ण वाजावं. कडांना तिरपे थर जास्त चढवले, म्हणजे तिथे आवाज बसावा आणि हाताला चांगला हिसका मिळावा. पहिलं तोंड सगळीकडे सारखंच ठकठक करत होतं. दुसरं चिरलं. तिसरं टेबलावर ठोकून पाहिलं आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी पिशवी गुपचूप डिकीत टाकली. "मी फक्त पोह्यांसाठी येतोय," बाबांनी बजावलं. पण मैदानावर मी क्लब हातात दिल्यावर त्यांना राहवेना. मान तिरकी केली, चेंडू नजरेत धरला आणि मारला.

भद्द!

"वा, मस्त..." सासूबाईंनी सुरुवात केली. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्यांनी मनगट चोळलं.

"टोकाला लागला," ते हळूच म्हणाले. "डावीकडे गेला. नाल्यात ना?"

समीरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"नाल्यातच गेला, बाबा. भिकार मारलात."

"अगं बाई!" सासूबाईंच्या हातून झाकण पडलं.

बाबा हसायला लागले. क्लबवर टेकून, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि सासूबाईंकडे वळले. "ऐकलं का, सरोजिनी? भिकार मारला मी! भिकार!"

मग डोळे पुसून त्यांनी पाय रोवले. "दुसरा ठेव, बेटा."