दारावरचा दोर

सोमवारी सकाळी दोग्योमने दुकानाचं दार उघडलं, तर एक आडवा दोर त्याच्या छातीला लागला. भाताच्या पेंढ्याचा, उलट्या पिळाचा, मधेमधे पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या खोचलेला. उंबऱ्याबाहेर दोन्ही बाजूंना तांबड्या मातीचे मूठ मूठ ढीग. असा दोर त्याने लहानपणी आजोळी पाहिला होता. घरात मूल जन्मलं की बांधायचे. पण दोग्योम चाळिशी ओलांडलेला सडाफटिंग, आणि घरात होत्या त्या फक्त लाटांवर तरंगायच्या फळ्या. बाळंत कोण होणार? पोरांचा चावटपणा म्हणावा, तर नोलमी गावात पोरं उरली होती कुठे? त्याने कात्रीने दोर कापला, माती झाडून टाकली आणि फळी उचलून समुद्रावर गेला.

सोलमधली नोकरी सोडून तो या किनाऱ्यावर आला, त्याला आता पाच वर्षं होत आली होती. पूर्वी इथे अख्खा गाव गाणी म्हणत वाळूवरून जाळं ओढायचा म्हणे. आता त्याच वाळूवर शनिवार-रविवारी शहरातली मंडळी दोग्योमकडून लाटांवर उभं राहायला शिकायची. गाव त्याला ‘फळकूटवाला’ म्हणायचा. दुकानाची जागा गावच्या मच्छीमार मंडळाची. करार या महिन्यात संपत होता आणि पुढे द्यायचा की नाही, ते गावसभा ठरवणार होती. परत जायला त्याला दुसरं घर राहिलं नव्हतं. त्यामुळे गेले काही दिवस तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत हिंडत होता.

दुपारी तो नेहमीसारखा ओकबुन मावशीच्या खाणावळीत बटाट्याच्या गोळ्यांचं सूप प्यायला गेला. मावशीने त्याला लांबून पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

“आज बंद,” आतून आवाज आला.

काचेतून चार जण जेवताना दिसत होते. त्यांतल्या एकाने तर चमचा तोंडाशी धरून त्याच्याकडे पाहिलं आणि घाईने मान फिरवली.

हे एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी यांग काका भेटले. त्यांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांजवळ दोग्योमची गाडी उभी असते, म्हणून गेली पाच वर्षं हा म्हातारा त्याला रोज शिव्या घालत होता. नेम चुकला नव्हता. त्या दिवशी त्याने स्वतः जाळी गोळा केली, गाडीला वाट करून दिली, कमरेत वाकून दोग्योमला नमस्कार केला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. शिव्या बंद झाल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, एवढं दोग्योमला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोर पुन्हा दारावर. माती पुन्हा उंबऱ्यापाशी. त्याने कापला, झाडली. तिसऱ्या दिवशी तेच. गावचे कारभारी सोक यांना विचारायला तो त्यांच्या अंगणापर्यंत गेला, तर कारभाऱ्यांनी खिडकीतूनच दोन्ही हात हलवून ‘येऊ नकोस, येऊ नकोस’ केलं आणि पडदा ओढला. शनिवारी शिकायला आलेल्या सहा जणांना दोन आज्यांनी गावाच्या वेशीवरूनच परत पाठवलं. “त्याच्या घरी आता परक्याने जायचं नाही,” एवढंच म्हणाल्या म्हणे.

मग मात्र त्याला शंका उरली नाही. आपल्याला वाळीत टाकलंय. सरळ ‘जा’ म्हणायचं सोडून ही असली नाटकं कशाला, याचा त्याला राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. मावशीच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं होतं ते याच गाडीतून. त्याने त्या दिवसाचा दोर कापून जमिनीवर टाकला आणि गाडी दाराशी लावून फळ्या भरायला घेतल्या.

“ए फळकूटवाल्या! कुठे निघालास?”

रस्त्याच्या पलीकडे ओकबुन मावशी उभी होती. तो तिच्याकडे निघाला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

“तिथेच थांब. मला सुतक आहे. नवऱ्याचं वर्ष व्हायचंय अजून. तिथूनच बोल, मला ऐकू येतं.”

“सुतक तुला, मग दोर माझ्या दारावर का?”

“म्हणजे? कारभाऱ्यांनी फोन नाही केला?”

“कसला फोन?”

मावशीने कपाळाला हात लावला. “अरे देवा. त्यांना वाटलं असेल मी सांगितलं. मला वाटलं यांग भाऊजींनी सांगितलं. आणि त्यांना तुझ्याशी भांडल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून ते गप्प. पोरा, टेकडीवरच्या सागरदेवीच्या पूजेला या खेपेला तू बसायचंस. पूजा होईपर्यंत तू सोवळ्यात. समुद्रात उतरायचं नाही, मासे-मांस खायचं नाही, भांडायचं नाही. आणि सुतकातल्या माणसाने तुझ्या जवळ फिरकायचं नाही.”

दोग्योम हातातल्या फळीसकट उभा राहिला. डोक्यात काहीच नीट बसेना.

“मला कुणी सांगितलंच नाही.”

“गावात कुणाला सांगावं लागत नाही रे. दोर दिसला की कळतं.”

“पण मी गावातला कुठाय?”

“परक्याच्या दारावर दोर बांधत नाहीत,” मावशी म्हणाली आणि उगाचच आपला पदर झाडल्यासारखा एप्रन झाडू लागली.

त्याला बरं वाटलं, आणि लगेच दुसरी शंका आली. “मीच का पण?”

“वर्षभरात मयत झालं नाही असं घर शोधत होतो. वरच्या आळीपासून धरलं. कारभाऱ्यांची बहीण गेली. शाळेमागच्या घरातले दोघेही गेले. माझं तर तुला ठाऊकच आहे. यांग भाऊजींचं घर तेवढं चोख, पण त्यांचे गुडघे गेलेले. नैवेद्य घेऊन टेकडी चढणार कसे? शेवटी तुझं दार राहिलं.”

“म्हणजे मी उरलो म्हणून.”

“आम्ही तरी कोण आहोत?” मावशी म्हणाली. “आम्हीही उरलेलेच आहोत.”

मग दोग्योमने खाली पडलेल्या दोराकडे पाहिलं. “मावशी, मी रोज दोर कापला. माती झाडली. आज सकाळीही पाण्यात उतरलो होतो.”

“बघितलं सगळ्या गावाने. यांग भाऊजी रोज पहाटे टेकडीच्या पायथ्याची माती आणून टाकतात, गुडघे धरत. तू झाडलीस की दुसऱ्या दिवशी परत. आम्हाला वाटलं, शहरातली काही वेगळी रीत असेल.”

“आणि करार? तो तर या महिन्यात संपतोय.”

“ते सभेचं काम, मी काय सांगू? पण एकदा बसलास की तीन वर्षं पूजा तुझ्याकडे. मधेच सोडून जाता येत नाही.” एवढं बोलून ती वळली, आणि जाता जाता ओरडली, “सूप करून वेशीवर ठेवते, हातचं खाल्लेलं चालतं. यांग भाऊजी आणून देतील.”

म्हणजे राहायचं की जायचं? मान आहे की नाइलाज? तीन वर्षं म्हणजे करार झालाच, की नाही? दोग्योमने बराच विचार केला आणि त्याला काही उलगडलं नाही. त्याने फळ्या परत आत नेल्या. दोराची दोन टोकं उचलली. तो उलटा पीळ त्याला जमेना, म्हणून फळीचा पट्टा बांधतो तशी गाठ मारून त्याने दोर दारावर लावला आणि त्याखालून वाकून आत गेला.

दुसऱ्या सकाळी समुद्रावर मोसमातल्या सगळ्यात देखण्या लाटा उठल्या. तो खिडकीतून नुसता बघत बसला. पाय मात्र हलत होते. तेवढ्यात यांग काका टोपली घेऊन आले. माती टाकली. मग मान वर करून त्यांनी दोराची ती गाठ निरखली, बोटाने ओढून पाहिली. ओठ हलले, शिवी येता येता राहिली असावी. गाठ त्यांनी सोडली नाही. दोन पावलं मागे होऊन ते कमरेत वाकले.

दोग्योम धडपडत उठला आणि दोराच्या आतून तोही वाकला. किती वेळ वाकून राहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून म्हातारा सरळ होईपर्यंत तो तसाच राहिला.