मिराबाईचं रडणं आणि मासळीवालीचा डबा

सेनगावच्या पलीकडं माळाच्या उतारावर जो बंजारा तांडा आहे, तिथल्या मिराबाईचं कोणाशीच वैर नव्हतं असं काही म्हणता येणार नाही. पाण्यावरून होतं, बकऱ्यांवरून होतं, एका जावेशी तर कशावरून होतं ते दोघीही विसरल्या होत्या. पण दोन हजार सहाच्या सुरुवातीला तिनं जे वैर धरलं ते सगळ्यांत अवघड होतं. कारण ती दुसरी बाई कोरियात राहत होती आणि टीव्हीच्या बाहेर तिला कोणी पाहिलेलं नव्हतं.

आधी मिराबाई कोण ते सांगायला हवं. तांड्यातली मुलगी लग्न होऊन निघाली, की घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. त्याची चाल जुनी, पण शब्द जिचे तिनं जोडायचे. ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं नाव घ्यायचं आणि त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते सुरात मोजून सांगायचं. घरच्या बायकांनीही तसंच उलट रडायचं. हे शिकवायचं काम चाळीस वर्षं मिराबाईकडं होतं. लग्न ठरलं की मुलगी महिनाभर तिच्या ओसरीवर येऊन रडायला शिकायची. शेजारच्या गावातले पाटील-कुणबी हसायचे, म्हणायचे, रडायची काय शिकवणी लावायची! त्यावर मिराबाईचं उत्तर तयार असे.

"डोळ्याला पाणी कांदा चिरला तरी येतंय. रडणं येगळं ऱ्हातंय."

आणि खरंच, तिनं पहिला सूर लावला की तांड्यातले पुरुषसुद्धा पागोट्याचं टोक डोळ्यांना लावायचे. एकदा तर वरातीच्या जीपचा परका ड्रायव्हर रडला होता. ही गोष्ट ती पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगायची.

त्या साली मात्र तांड्यातलं रडू दुसऱ्या घरी जायला लागलं. प्रेमदास गुरुजींनी रंगीत टीव्ही घेतला. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची सोयही करून ठेवली. दर रविवारी अकरा वाजता त्यावर कोरियातली एक मालिका लागायची. माणसं तिकडची, बोलणं हिंदीत. गुरुजींची बायको पद्माबाई मनानं मोठी होती, तिनं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. पाच-सहा रविवारांत घर भरलं आणि मग अंगणही भरलं.

गोष्ट साधी होती. सोमी नावाची एक मुलगी. बंदरावर मासळी विकणाऱ्या एका बाईनं तिला तान्हेपणापासून वाढवलेलं. मग शहरातली खरी आई मोटार घेऊन न्यायला येते. तिकडं बर्फ पडतो, माणसं लाल नाकानं चालतात. पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा भिकाबाईनं "कापूस उडून राहिला काय?" असं विचारलं होतं. तीच भिकाबाई आता सोमीला ताप आला तर सोमवारी खुरपायला जात नव्हती.

ही भिकाबाई मिराबाईची शेजारीण. तिचे डोळे सुजलेले पाहून मिराबाईनं विचारलं, "कोन मेलं ग?"

"कोणी न्हाई. मासळीवालीनं सोमीच्या चपला धुतल्या."

"अन्?"

"अन् काय, धुतल्या." एवढं बोलून भिकाबाई पुन्हा रडायला लागली.

मिराबाईच्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं. चपला धुतल्या म्हणून रडतात? पण भिकाबाईचं ती सोडूनही देती. सोडता येत नव्हतं ते निलमचं.

निलम तिची नात. मुलगा आणि सून दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जात. निलम चार वर्षांची असल्यापासून आजीपाशीच राहिली. तिची वेणी मिराबाईनं घातली, शाळेत मिराबाईनं सोडलं, गोवर निघाला तेव्हा सात दिवस मांडीवर मिराबाईनं घेतलं. आता ती वीस वर्षांची झाली होती आणि नरसीजवळच्या तांड्यात तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. साऱ्या तांड्याच्या लेकींना मिराबाईनं रडवून पाठवलं होतं, पण जिच्यासाठी खरा सूर राखून ठेवला होता ती ही. निलमनं आपल्या गळ्यात पडावं, आपलं नाव घेऊन रडावं आणि साऱ्यांनी ते ऐकावं. म्हातारीला दुसरं काही नको होतं.

आणि निलमला रडूच येत नव्हतं. ओसरीवर शिकायला बसली की ती हसायची. "दादी, तुझं तोंड बघून हसू येतंय," म्हणायची. तीच पोरगी रविवारी गुरुजींच्या घरून परत आली की उचक्या देत असायची.

"सोळा वर्सं म्या वाढवलं," मिराबाई चुलीपुढं बसून फणकारली, "अन् रडती कोणापायी? त्या मासळीवालीपायी! तिनं काय एक भाकर तरी थापली का हिच्यासाठी?"

मग तिनं डाव टाकला. ढावलोची शिकवणी रविवारी अकराला ठेवली. चार बायका लाजेकाजेस्तव आल्या, पण कान सगळे गुरुजींच्या घराकडं. निलम आलीच नाही. मिराबाईनं सूर लावला तो मध्येच तोडला आणि नातीचा कान धरून आणायला ती तरातरा निघाली.

दारातून आत पाऊल टाकलं, तर चाळीस माणसं बसलेली आणि सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पडद्यावर ती मासळीवाली. मोटार बाहेर उभी, सोमी शहरात चाललेली. बाई तिच्यासाठी डबा भरत होती. भात घातला, मासा ठेवला, झाकण लावलं. मग झाकण पुन्हा उघडलं, आपल्या ताटलीतला तुकडा उचलून आत ठेवला आणि झाकण लावलं. पोरीच्या हातात डबा दिला, पाठ फिरवली आणि मासळी कापायची सुरी पुसत बसली. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला तरी तिनं वळून पाहिलं नाही. तोंडसुद्धा दाखवलं नाही तिचं. नुसते हात.

अख्खं घर हुंदके देत होतं. निलमनं ओढणीत तोंड खुपसलं होतं.

मिराबाई उभ्या उभ्या जळून गेली. चाळीस वर्षं घसा खरवडून तिनं जे मिळवलं, ते या बाईनं सुरी पुसून मिळवलं होतं! आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या स्वतःच्या गालावरून काहीतरी ओघळलं. तिनं ते घाईनं पुसलं आणि "लई धूर झालाय घरात," असं म्हणाली. पद्माबाईकडं तर गॅस होता.

त्यानंतर ती दर रविवारी सगळ्यांत आधी येऊन पुढं बसायला लागली. खुसपटं काढायला. "ही काय आई हाय? लेकरू चाललं अन् तोंडातून शब्द न्हाई! मुकी हाय का?" बायका "गप ग मिराबाई" म्हणायच्या. ती नाक मुरडायची, पण डोळे पडद्यावरून काढायची नाही. त्या बाईची युक्ती कुठं आहे ते तिला शोधून काढायचं होतं.

एकदा भाकरी थापताना तिनं निलमला सरळच विचारलं. "खरं सांग. काहून रडतीस ग तिच्यापायी?"

निलमनं थोडा विचार केला. "दादी, ती रडत न्हाई ना, म्हणून. तिच्या वाटचं आपुन रडतो."

"अन् माज्यापायी काहून न्हाई?"

"तू समदं तूच रडून टाकतीस. आमच्या वाट्याला काई ठिवतच न्हाईस."

निलम सहज बोलली, तिच्या मनात खोट नव्हती. पण मिराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

लग्न आलं. मिराबाईनं मनाशी ठरवलं होतं की असा ढावलो गायचा, की कोरियातल्या बाईला तिथं उचकी लागली पाहिजे. महिनाभर शब्द जोडले होते. गोवर, वेणी, शाळेच्या वाटेवरचा ओढा, पोरीच्या हातानं मोडलेला पाळीव बोकडाचा पाय, सगळं ओळीनं लावलं होतं. पूर्वी नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करून निरोप द्यायचे, आता दारात जीप उभी होती. आईबापाच्या गळ्यात पडून निलम शिकवल्यासारखं थोडंसं सुरात बोलली आणि आजीसमोर आली. तांडा गप्प झाला. सगळ्यांना माहीत होतं की आता खरं रडणं सुरू होणार.

मिराबाईनं तोंड उघडलं, आणि सूर आलाच नाही. एक शब्द निघेना. काय करावं ते न कळून ती वाटेसाठी बांधलेल्या शिदोरीशी झटायला लागली. फडक्याची गाठ घट्ट केली. मग सोडली, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून भाकरीवर ठेवला, पुन्हा गाठ मारली. शिदोरी पोरीच्या हातात कोंबली आणि पाठमोरी होऊन जीपच्या काचेवरची धूळ पदरानं पुसत राहिली, जीप हलेपर्यंत.

मागं तांडा ओक्साबोक्शी रडत होता. असं रडणं त्या तांड्यानं कधी पाहिलं नव्हतं. जीप वळणाआड गेली, तशी भिकाबाई डोळे पुसत जवळ आली आणि तिचा हात दाबून म्हणाली, "काय केलंस ग! डिट्टो मासळीवालीवानी!"

"व्हय व्हय," दुसऱ्या म्हणाल्या, "टीव्हीतलं बराबर उचललं मिराबाईनं."

मिराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं गळा काढून मिळवलेलं त्या बाईनं नेलंच होतं, आणि आज आयुष्यात पहिल्यांदा खरोखर घसा बंद झाला, तर तेही त्या बाईच्या नावावर! आपलं दुःखसुद्धा तिनं आधीच करून ठेवलं होतं. आणि जीपमध्ये शिदोरी छातीशी धरून निलम रडत होती, ती तरी कोणासाठी? आजीसाठी, की तिला डबा आठवला म्हणून? हा विचार मिराबाईला सुखानं घास गिळू देईना.

पुढच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. मिराबाई पाहायला गेली. सोमी कित्येक वर्षांनी बंदरावर परत आली. मासळीवालीनं तिला लांबून पाहिलं आणि होड्यांच्या आड लपून बसली, पोरीचा पाय मागं ओढला जाऊ नये म्हणून. सोमी बंद दारापाशी जरा वेळ थांबली आणि निघून गेली. संपलं. बायका रडून रडून बेजार झाल्या. "शेवटपर्यंत मुकीच," असं पुटपुटत मिराबाई घरी आली.

पंधरा दिवसांनी निलम पहिल्यांदा माहेरी आली. लांबून येणारी लेक भेटली की गळ्यात पडून रडायचं, ही रीत. निलमनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"दादी, सोमीचं शेवटी काय झालं?"

मिराबाईनं नाक मुरडलं. एवढ्या दिवसांनी आली, आणि चौकशी सोमीची! मग तिच्या डोक्यात एक दुष्ट आनंद शिरला. निलमच्या सासरी टीव्ही नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"काय व्हायचंय," ती म्हणाली. "सोमी आली परत. अन् मासळीवालीनं तिच्या गळ्यात पडून असा ढावलो काढला, असा काढला, समदं बंदर रडलं."

"मासळीवाली रडली?"

"रडली म्हंजे! नाव घेऊन-घेऊन रडली."

"कशी रडली?"

"अशी," म्हणत मिराबाईनं सूर लावला. शेवटी रडून हरलेल्या मासळीवालीची नक्कल करायची म्हणून लावला. पहिल्या ओळीत सोमीचं नाव होतं, बंदर होतं, बर्फ होता. दुसऱ्या ओळीत मासळीवालीनं पोरीची वेणी घातली. तिसऱ्या ओळीत बंदरावर गोवर आला. मग शाळेचा ओढा आला, बोकड आला, सहा-सहा महिने ऊसतोडीला गेलेले आईबाप आले, आणि सोमीचं नाव कधी गळून पडलं आणि निलमचं कधी आलं ते मिराबाईला कळलं नाही. आवाज फाटला तरी ती थांबली नाही. जीपपाशी जे राहिलं होतं ते सगळं त्या ओसरीवर बाहेर पडलं. निलम तिच्या गळ्यात पडली होती आणि रडत होती. बेसूर, न शिकल्यासारखं, पण मध्ये मध्ये "दादी, दादी" म्हणत.

बऱ्याच वेळानं दोघी शांत झाल्या. निलमनं नाक पुसलं.

"दादी, म्या पाह्यला तो भाग. ह्यांनी नेलं व्हतं मला नरसीला, पाव्हण्यांच्या घरी. मासळीवाली रडत न्हाई. होडीआड लपती."

मिराबाईला चोरी पकडल्यासारखं झालं. "मंग इचारलंस काहून?"

"जीपपाशी तुला रडता आलं न्हाई. तवा तुझ्या वाटचं म्या रडले, पार नरसीपर्यंत. पर तुझं तुझ्यापाशी तुंबून राहिलं असंल, ह्याची तकलीफ व्हती मला. तू असं सरळ थोडीच रडली असतीस? तिचं नाव काढलं की तुझा सूर बराबर लागंल, हे ठावं व्हतं."

नातीच्या कपाळावरचे केस मिराबाईनं मागं सारले आणि ओढणी नीट केली.

तेवढ्यात कुडापलीकडून भिकाबाईची हाक आली, "मिराबाई, कोण रडून राहिलं ग एवढं? कोरियावालं पुन्हा लागलं का काय?"

मिराबाई उठून उभी राहिली. घसा पार बसला होता, तरी होता नव्हता तेवढा आवाज काढून ती ओरडली, "टीव्ही बंद हाय! माझी नात आलीया!"