टाउनोची डावीकडे मारणारी रायफल

टाउनो लाहटीने पेट्रोल पंपावरच्या दुकानात, कॉफीच्या यंत्राच्या वर एक पुठ्ठा लावला होता. हरणाची रायफल विकणे आहे, बोल्टची, दुर्बिणीसकट, दीडशे डॉलर. खाली आणखी एक ओळ होती: डावीकडे मारते.

विकायच्या वस्तूचा दोष मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मी या गावात पहिल्यांदा पाहिला. टाउनो लबाड असता तर मी त्यात काहीतरी डाव शोधला असता. पण तो लबाड नाही, तेवढी अक्कल त्याला नाही. मी पुठ्ठा काढून पिशवीत टाकला, म्हणजे माझा विचार होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा व्हायला नको.

मला रायफल हवी होती आणि पंधरा नोव्हेंबरच्या आत हवी होती. पंधराला हरणांचा मोसम उघडतो. आमच्या शिकारीच्या कॅम्पाचा नियम माझ्या सासऱ्याने घालून दिलेला आहे: ज्याची स्वतःची रायफल त्याचं मचाण. उसनी चालत नाही. ज्याच्याकडे रायफल नाही त्याने चुलीपाशी बसावं आणि पास्ट्या, खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, गरम कराव्यात. देवदारांच्या दलदलीच्या कडेला जे मचाण आहे ते माझ्या नवऱ्याचं, आर्व्होचं. आर्व्हो मार्चमध्ये गेला. रायफल रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाकडे, डेलकडे गेली. मीच दिली, माझ्या हाताने, चार माणसांसमोर. ती परत मागायला मी काही भिकारीण नाही.

आणि मचाणावर डोळा होता माझ्या दिराचा, एस्केलचा. अंत्यविधीच्या दिवशी, हातात केकची बशी घेऊन तो मला म्हणाला होता, "वहिनी, आता त्या शिडीवर तुम्ही कशाला चढताय. वय झालं."

"तुझं झालं का?" मी विचारलं.

"माझं कशाला होईल?"

"मग केक कमी खा. शिडीला सोसलं पाहिजे."

एस्केलला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती मी आर्व्होला दिलेल्या शब्दापायी कुणाला सांगितली नाही. शेवटची सहा वर्षं आर्व्होचे हात थरथरायचे. मी थर्मास घेऊन शेजारी बसते असं सगळ्यांना वाटायचं. हरणं मी मारायचे, फोटोत तो उभा राहायचा. तेव्हा ते मचाण माझं होतंच. फक्त रायफल नव्हती.

डेलला फोन केला तर तो म्हणाला, "आई, टाउनोची रायफल नको. कॅम्पाच्या भिंतीवर जा आणि बघ."

भिंतीवर काय आहे ते मला बघायची गरज नव्हती. आमच्याकडे हरणावर गोळी झाडून जो चुकतो त्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे मागचा लोंबता घोळ, कापतात आणि नाव, साल लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकतात. तिथे टाउनोच्या सात शेपट्या आहेत. सलग सात. लोक म्हणतात रायफलच पनवती आहे. पण ते सातही शर्ट डिसेंबरात माझ्याकडे शिवायला आले होते. शेपटीला ठिगळ लावायचं काम या गावात मीच करते. शर्ट काय बोलतो ते भिंतीला कुठून कळणार?

तिसऱ्या वर्षी टाउनोने शर्टाबरोबर जुन्या गोधडीचा तुकडा आणला. म्हणाला, "सायमाबाई, हा आतून उजव्या खांद्यावर शिवा. थंडी लागते."

"डाव्याला नाही लागत?"

"डावा बरा आहे."

पुढच्या वर्षी दोन पदर. त्याच्या पुढच्या वर्षी चार. अर्ध्या अंगालाच लागणारी थंडी मी सत्तर हिवाळ्यांत अनुभवली नव्हती, पण शिलाई घेतली आणि पदर शिवून दिले.

शनिवारी दुपारी आम्ही खडीच्या जुन्या खाणीत गेलो. मी, टाउनो आणि न बोलावता आलेला एस्केल. मी आधी रायफल हातात घेतली. बोल्ट मागेपुढे केला, लोण्यासारखा चालत होता. तो काढून नळीतून आभाळ पाहिलं, आत लख्ख. दस्त्याला ओरखडा नाही. फक्त दुर्बिणीच्या बाजूचा स्क्रू, ज्याने नेम डावीकडे-उजवीकडे सरकवतात, त्याची खाच झिजून चकचकीत झाली होती. नाण्याने फिरवून फिरवून होते तशी.

"हा स्क्रू तू फिरवतोस?"

"चुकलो की फिरवतो. दरवर्षी थोडा," टाउनो म्हणाला. "पण उपयोग नाही. गेल्या साली पुतण्याने मारून पाहिली, त्याची चांगली वीतभर डावीकडे गेली. तेव्हा कळलं, रायफलच वाकडी. मी तुम्हाला आधीच सांगतोय हं. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

"पुठ्ठ्यावर लिहिलंयस ना."

"लिहिलंय. पण लोक नीट वाचत नाहीत."

ऐंशी पावलांवर कागदी ताटली टांगली. मी खडीच्या पोत्यावर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. आम्ही चालत जाऊन पाहिलं. तिन्ही ताटलीच्या बाहेर, मागच्या पुठ्ठ्यावर, एक वीत डावीकडे. आणि तिन्ही भोकं एका बशीखाली झाकली जातील इतकी जवळ.

एस्केल इतका खूश झाला की त्याने मला हात देऊन उतारावरून खाली आणलं. "वहिनी, शर्ट कुठला घालणार पंधराला? जुना घाला. चांगल्याची शेपटी कापायला मला वाईट वाटेल."

"मी सांगितलंच होतं," टाउनो म्हणाला.

वाकडी रायफल एक गोळी इकडे टाकते, एक तिकडे. तिन्ही एकाच जागी टाकणारी रायफल वाकडी नसते, तिला कुणीतरी वाकडं शिकवलेलं असतं. एस्केल कॉफी ओतायला गाडीकडे गेला तेव्हा मी बोल्ट ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, टाउनोलाही दाखवली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

"चाप कडक वाटतो मला. ताटलीवर धर आणि ओढून दाखव."

त्याने दस्ता खांद्याला लावला, नेम धरला आणि ओढण्याआधी दोन्ही डोळे घट्ट मिटले. टिचकीएवढा आवाज झाला. काडतूस नव्हतं, धक्का नव्हता, तरी नळी वीतभर उजवीकडे उडाली.

टाउनोने डोळे उघडले आणि नळी कुठे गेलीय ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सात वर्षं हा माणूस धक्क्याला घाबरून उजवीकडे मारत होता आणि दरवर्षी बिचाऱ्या रायफलला डावीकडे वळवत होता.

"चाप कडक आहे," तो म्हणाला.

"हो, कडक आहे," मी म्हणाले.

आता प्रश्न होता. स्क्रू तिथेच फिरवून, चौथी गोळी ताटलीच्या मधोमध घालून मी एस्केलचं तोंड बंद करू शकत होते. त्याचा चेहरा बघायला मला फार आवडलं असतं. पण मग संध्याकाळपर्यंत पेट्रोल पंपावर सगळ्यांना कळलं असतं की दोष रायफलीत नव्हता. वाईट रायफलीचा मालक म्हणून टाउनो सात वर्षं कॅम्पात ताठ बसला होता. घाबरट म्हणून तो एक दिवस बसला नसता.

एस्केल कप घेऊन आला. "काय ठरलं?"

"घेते."

"वहिनी, शंभरच्या वर एक डॉलर देऊ नका."

"शंभरच द्या," टाउनो खाली बघत म्हणाला. "खरं तर तेवढेही नकोत."

"पुठ्ठ्यावर दीडशे लिहिलंय. मी वाचलेलं आहे," मी म्हणाले आणि दीडशे त्याच्या खिशात कोंबले.

एस्केलने मान हलवली. "ठीक. पण पहिल्या दिवशी तुमचं हरीण टांगलं गेलं नाही तर मचाण माझं. टाउनो साक्षीला आहे."

"कबूल."

हे बोलून मी एका घोटात कॉफी संपवली. रायफल चांगली असणं वेगळं आणि पहिल्याच दिवशी हरणाने समोर येणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सगळे चर्चमध्ये असताना मी एकटी खाणीत गेले. नाण्याने स्क्रू उलटा फिरवला. नऊ काडतुसं लागली. नववी ताटलीच्या मधोमध बसली. ताटली घरी आणून चुलीत टाकली.

पंधराला पहाटे मी शिडी चढले. नारिंगी कोटाखाली आर्व्होचा शर्ट, चांगला. साडेआठपर्यंत एक खार आणि दोन कावळे. माझे पाय बधिर झाले आणि एस्केलचे शब्द आठवायला लागले. मग देवदारांतून एक नर आला, सहा टोकांच्या शिंगांचा, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. चाप मुळीच कडक नव्हता.

दुपारी हरीण खांबाला टांगलं तेव्हा एस्केल त्याच्याभोवती दोनदा फिरला. "त्या रायफलीने?"

टेबलाशी सगळे होते. टाउनो पास्टीचं टोक काट्याने कुरतडत होता.

"त्याच," मी म्हणाले. "वाईटच आहे ती. मी एक वीत उजवीकडे नेम धरला."

"मी सांगितलं होतं," टाउनो म्हणाला आणि जरा ताठ बसला.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण चौथ्या दिवशी एस्केलची रायफल गाडीतून दगडावर पडून दुर्बीण फुटली. तो थेट माझ्याकडे आला. "वहिनी, तुमची द्या. मचाणाचं नाही बोलत, जमिनीवरून मारेन."

"नको, एस्केल. हाताची सवय लागते."

"सवय कसली? एक वीत उजवीकडे. ते तर मलाही जमतं."

मी टाउनोकडे पाहिलं. टाउनोने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता, पण तो आम्हा दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघाला नाही. मी रायफल दिली.

तासाभरात एक बार ऐकू आला. मग एस्केल चालत आला, हात हलवत, एकटा. शंभर पावलांवर उभं असलेलं हरीण, म्हणाला, केस न हलवता निघून गेलं. "बरोबर एक वीत धरला होता मी," तो म्हणाला, "बरोबर एक वीत."

"वाईट रायफल आहे," मी म्हणाले.

कात्री माझीच होती, शिवणाच्या डब्यातली.

"जरा खाली कापा, वहिनी. नवा शर्ट आहे."

"ठिगळ मलाच लावायचंय. कुठे कापायचं ते मी ठरवते."

मी नाव आणि साल लिहिलं आणि शेपटी टाउनोच्या हातात दिली. सात वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याची शेपटी ठोकायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याने आपल्या सातांच्या शेजारी जागा शोधली, खिळा धरला आणि हातोडा उचलला. मी नीट पाहत होते.

त्याने डोळे मिटले नाहीत.