गाठ मारलेलं पान

इसालेचं पान कुणी हातात दिलं की नाही म्हणता येत नाही. किलिमांजारोच्या पायथ्याशी, आमच्या मारंगूत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लांब, हिरवं पान. घराच्या कुंपणाला, बागेच्या बांधाला आणि कबरीच्या उशाशी ते झुडूप असतंच. ज्याच्या हातून चूक झाली त्याने पान खुडायचं, मधोमध गाठ मारायची आणि ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे धरायचं. समोरचा कितीही पेटलेला असो, त्याने ते घ्यायचं आणि विषय मिटवायचा. या पानावर खून माफ झालेले आहेत.

म्हणून चार वर्षं मी माझ्या धाकट्या भावाच्या हाताच्या टप्प्यात आलो नाही.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आमची दोन घरं एकाच केळीच्या बागेच्या दोन टोकांना. सिफाएली पुढच्या दारात दिसला की मी मागच्या दाराने केळीत शिरायचो. लग्नात तो डावीकडे बसला की मी उजवीकडे. चर्चमधून शेवटच्या प्रार्थनेआधीच उठायचो. माझी बायको मांका म्हणायची, पन्नाशीला आलेला बाप्या पानाला भिऊन पळतो, लोक हसतात. हसू देत, मी म्हणायचो. आणि फारच अंगाशी आलं तर मला डोंगर होता. सव्वीस वर्षं मी किलिमांजारोवर पाहुण्यांना नेतो-आणतो. एकदा वर गेलं की सहा दिवस कुणी भावकीचं दार वाजवत नाही.

आमचा बापही डोंगरावरच हमाली करायचा. मी सात वर्षांचा असताना धाकटी बहीण गोवराने गेली. बाप तेव्हा वर होता. निरोप पोचला तसा तो अंधारात धावत सुटला आणि धुक्यात घळीत पडला. एका आठवड्यात आईने दोन कबरी पाहिल्या, आणि सिफाएली तेव्हा तिच्या पोटात होता. तरी मोठा होऊन मी डोंगरच धरला. आमच्याकडे धाकट्याला आईचं घर मिळतं आणि घराबरोबर आईही. मी डोंगरावर, तो आईपाशी, अशी वाटणी झाली आणि ती कुणाला खटकली नाही.

आई गेली तेव्हाही मी वरच होतो. ती मंगळवारी गेली. बुधवारी संध्याकाळी मी होरोंबोच्या मुक्कामावरून, तिथे फोन लागतो म्हणून, सिफाएलीला फोन केला होता. गाय व्यायली का, एवढंच विचारायला. आई तेव्हा बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होती. तो म्हणाला, "सगळं ठीक आहे, दादा. सावकाश ये." गुरुवारी त्याने तिला पुरलं. शनिवारी मी पाहुण्यांबरोबर गाणी म्हणत खाली उतरलो आणि घरी आलो तर केळीत मातीचा ताजा उंचवटा.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो पान घेऊन फिरायला लागला आणि मी पळायला लागलो.

यंदाच्या फेब्रुवारीत चार डॅनिश पाहुणे घेऊन मी डोंगराच्या फाटकाशी उभा होतो. हमालांची ओझी वजनाला लागली होती. माझा स्वयंपाकी तेमूकाका, चौसष्ट वर्षांचा, डोंगर कोळून प्यायलेला माणूस, यादी पुकारत होता. एक हमाल तापाने पडला म्हणून त्याने परस्पर दुसरा घेतला होता. तो दुसरा काट्यापुढे ओझं ठेवून सरळ झाला, आणि तो सिफाएली होता. कॉफीची झाडं छाटणारा, गाई सांभाळणारा बेचाळीस वर्षांचा माणूस; साऱ्या जन्मात तीनदा वर गेला असेल. माझ्या जुन्या जाकिटात आला होता. ते मी आईला दिलं होतं, तिने त्याला दिलं असणार.

मी तेमूकडे पाहिलं. त्याने यादीत डोकं घातलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसलो, पण ओळखलं की हा काही ओझं वाहायला आलेला नाही. ते पान जाकिटात आहे आणि सहा दिवस मला मागचं दार नाही.

पण गाईडला पाहुणे असतात. त्या चौघांवर मी तेवढ्या दिवसांत जेवढं प्रेम केलं तेवढं माझ्या पोरांवर केलेलं नाही. हमाल आमच्या मागून निघून पुढे जातात. मी पाहुण्यांच्या मध्ये चालायचो. हमाल जेवणाच्या खोलीत येत नाहीत. मी तिथेच बसून राहायचो, त्यांच्या नातवंडांचे फोटो बघत. दुसऱ्या संध्याकाळी होरोंबोला मी एकेकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे लिहीत होतो, तेव्हा सिफाएली दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. आधी खोकला आला त्याला, मग म्हणाला, "दादा."

मी मान वर केली नाही. काम असेल तर तेमूला सांग, म्हटलं, आणि चौथ्या पाहुण्याचं बोट हातात घेतलं. हमालांच्या बोटांना ते यंत्र कुणी लावत नाही. तसा नियम नाही असं नव्हे, पण कुणी लावत नाही.

तिसरा दिवस पाहुण्यांना हवेची सवय होण्यासाठी तिथेच काढला. चौथ्या दिवशी किबोच्या मुक्कामाला चढलो. किबोला पाणी नाही. वाटेत शेवटचा झरा लागतो, तिथून हमाल कॅन भरून नेतात. दुपारी सिफाएली वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन पोचला. कॅन उतरवून खडकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग उठला आणि माझ्याकडे यायला लागला. एक हात जाकिटाच्या आत.

आणि त्या क्षणी पाहुणे झोपले होते. माझ्यापाशी कुणी नव्हतं.

"पाणी पुरणार नाही," मी मोठ्याने तेमूला म्हणालो. "आणखी एक खेप लागेल. ह्याला पाठव."

तेमू स्वयंपाकघरातून बाहेर आला. त्याने आधी सिफाएलीचे ओठ पाहिले, मग माझ्याकडे. "पाणी आहे," तो म्हणाला. "उद्यापर्यंतचं आहे. एका दिवसात दोन खेपा गाढवसुद्धा करत नाही इथे."

"मग गाढवापेक्षा हा शहाणा आहे का ते कळेल."

"तू पाठवतोयस, अनाएली. मी नाही."

सिफाएली मधेच थांबला होता. जाकिटातून हात बाहेर आला, रिकामा. "जातो दादा," तो म्हणाला. "आलो की बोलू. नाहीतर खाली गेल्यावर तरी."

"बोलायचं तेव्हा तू बोलला नाहीस. फोन होता तुझ्याकडे."

"हो," तो म्हणाला. "होता."

एवढंच. त्याने रिकामा कॅन उचलला आणि उताराला लागला. मला बरं वाटलं. हे लाजेचं आहे, पण खरं आहे. एक दिवस टळला असं वाटून मी आत जाऊन सूप प्यायलो.

तो अंधार पडल्यावर परतला असं तेमूने सांगितलं. शिखराला आम्ही मध्यरात्री निघतो, पायाखालची खडी गोठून घट्ट असताना. पाहुण्यांच्या टोप्या, हातमोजे तपासत मी बाहेर उभा होतो आणि हमालांच्या खोलीतून खोकला ऐकू आला. ओला खोकला, छातीत पाणी असल्यासारखा. सव्वीस वर्षांत असा खोकला मी कितीदा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी त्या माणसाला मिनिटभरही न थांबता खाली धाडलंय. पाहुणा असता तर मी मोहीम मोडली असती. मी उभा राहिलो. पुन्हा ऐकलं. मग स्वतःला सांगितलं की कुणीतरी दुसरा असेल, तेमू बघेल, आत गेलो तर तो पान पुढे करेल. आमच्याकडे प्राणवायूचा एकच सिलिंडर असतो. तो माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. तो घेऊन मी वर गेलो.

शिखरावर चौघंही रडली. पाहुणे तिथे रडतातच. मी त्यांचे फोटो काढले. मला आठवतं, ऊन फार छान पडलं होतं.

अकराच्या सुमाराला किबोला परत आलो. तेमूने आल्याचा चहा दिला. बाकीचे कुठे, विचारलं, तर म्हणाला, पुढे गेलेत होरोंबोला. सिफाएलीचं नाव मी काढलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. तेमू चहाचे पेले नीट पुसून ठेवत होता, एकेक, दोन-दोनदा.

उतरताना तो माझ्या शेजारून चालला. स्वयंपाकी कधी असा चालत नाही. त्याला पुढे पळून चूल पेटवायची असते. मी म्हटलं, काका, आज उपाशी मारणार का. तो म्हणाला, चाल सावकाश. झऱ्यापाशी आमचा पिवळा कॅन पडला होता, अर्धा भरलेला. म्हणजे कालच्या खेपेत सिफाएलीला तो पुढे नेता आला नव्हता. तो रिकाम्या हातांनीच वर आला होता आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेमूने कॅन उचलला, पाणी ओतून दिलं आणि पाठीला बांधला.

होरोंबो दिसलं. पहिल्या झोपडीपाशी आमचे चार हमाल बसले होते, बाजूला एका चाकाचं स्ट्रेचर. मला बघून ते चौघे उठून उभे राहिले. मी येताना हमाल कधी उठत नाहीत. दमलेल्या माणसाने उठू नये हा माझाच नियम आहे.

तेमूने माझा दंड धरला. "पहाटे खाली काढला त्याला," तो म्हणाला. "इथवर श्वास होता. दारात संपला. किबोच्या चौकीतल्या वायरलेसवर कळलं मला."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की मी तेमूच्या अंगावर गेलो. एवढं आठवतं की मी ओरडत होतो, किबोला का नाही सांगितलंस, मी शिखरावर असताना माणूस का नाही पाठवलास, चहा कसला पाजत बसलास मला. पाहुणे लांब उभे होते, बावरून.

तेमूने मला ओरडू दिलं. मग म्हणाला, "निरोप वर पाठवायचा नाही. तुझ्या बापाच्या वेळी पाठवला होता. कुणी नेला होता ठाऊक आहे? मी. बावीस वर्षांचा होतो, पाय जोरात चालायचे. वर जाऊन त्याला सांगितलं की तुझी पोर गेली, आणि तो माझ्यासमोर धावत सुटला. तुझ्या आईने त्यानंतर सगळ्यांकडून वचन घेतलं. सिफाएलीकडून तर मरता मरता घेतलं. म्हणाली, अनाएली वर आहे. त्याला कळवायचं नाही. सावकाश खाली येऊ दे."

सावकाश ये. तो फोनवर तेच म्हणाला होता.

बाप कसा गेला ते मला बेचाळीस वर्षं ठाऊक होतं. आई कुठल्या भीतीने जगली तेही ठाऊक होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला डोकं लागत नाही, थोडा राग खाली ठेवावा लागतो. तेवढा मी ठेवला नाही.

"चार वर्षं हे मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"त्याने सांगू दिलं नाही. म्हणायचा, मग दादाचा राग आईवर जाईल. मेलेल्या माणसावर राग धरून काय करेल तो? माझ्यावर आहे तो बरा, मी पान तरी देऊ शकतो."

आत तो चटईवर होता. कुणीतरी त्याच्या अंगावर माझीच झोपायची पिशवी घातली होती. जाकिटाच्या आतल्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पान निघालं, कडांनी पिवळं पडलेलं, मधोमध गाठ. तेमूने ते माझ्या हातात दिलं. मी घेतलं. पण ते तेमूच्या हातून आलं होतं, आणि तेमूची काही चूक नव्हती. सिफाएलीचीही नव्हती. मी त्याचा उजवा हात धरून पान त्याच्या बोटांत घातलं आणि पुन्हा काढून घेतलं. दोनदा केलं. त्याची बोटं थंड होती आणि मला ऑक्सिमीटर आठवला.

आम्ही त्याला आईच्या शेजारी केळीत पुरलं. म्बेगे, आमची केळ्यांची दारू, प्यायला आख्खा गाव आला. सगळ्यांना माहीत होतं पाण्याच्या दुसऱ्या खेपेबद्दल. डोंगरावरून बातम्या खाली मात्र भरभर येतात. कुणी मला काही बोललं नाही. माझ्या हातात पेला दिला आणि बाजूला सरकून जागा केली. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आठव्या दिवशी मी आईच्या उशाशी असलेल्या झुडपाचं पान खुडलं. गाठ मारायला हात चालेनात, मांकाने मारून दिली नाही. म्हणाली, तुझी तू मार. मग बाग ओलांडून भावाच्या घरी गेलो, चार वर्षांत पहिल्यांदा, पुढच्या दाराने.

त्याची बायको न्देशी चुलीपाशी घेवडा निवडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि पान धरलं. तिने पानाकडे पाहिलं, मग वर तुळईकडे. मीही पाहिलं. तुळईला दोरीने एक जुडी टांगली होती. वाळून तपकिरी झालेली इसालेची पानं, प्रत्येकाला गाठ.

"दर वेळी ताजं लागतं म्हणायचे," न्देशी म्हणाली. "आणि जुनं टाकू द्यायचे नाहीत. तुम्ही केळीत शिरलात की घरी येऊन तिथे लावायचे."

तिच्या हातातले घेवड्याचे दाणे सुपात पडले. ती उठली. माझा हात पुढेच होता आणि तिने तो तसा बराच वेळ राहू दिला. मला वाटलं, आता ही मागच्या दाराने निघून जाईल. जायला हवं होतं तिने.

ती गेली नाही. डोळे पुसले, हात कमरेच्या कापडाला कोरडे केले आणि पान घेतलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं.